विमान इंधन आणि हायड्रोकार्बनची ओळख

बंगळुरू शहराच्या उत्तरेस असलेल्या देवनहळ्ळी येथे २४ मे २००८ रोजी नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. आज तो केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ या नावाने ओळखला जातो. या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांना लागणारे इंधन फार थोड्यांच्या नजरेस पडते. किनारपट्टीवरील मंगळूर येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघालेली, हासनमार्गे येणारी सुमारे ३६० किलोमीटर लांबीची नलिका बंगळुरूच्या पूर्वेकडील देवनगोंथीच्या साठवण आगारात येऊन मिळते, आणि तेथून देवनहळ्ळीपर्यंत केवळ विमान इंधनासाठी सुमारे ३६ किलोमीटरची स्वतंत्र नलिका टाकलेली आहे. या नलिकेतून वाहणारा द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो. त्याचा वास मात्र रॉकेलचा असतो, कारण मुळात तो रॉकेलच आहे. अधिक शुद्ध केलेले आणि अधिक कसोट्यांना उतरलेले.

माध्यमिक शाळेत कार्बनी रसायनशास्त्राचा प्रारंभ हायड्रोकार्बनपासून होतो. स्पर्धा परीक्षांमध्ये सामान्य विज्ञान आणि अर्थव्यवस्था या दोन्ही घटकांत हा विषय डोकावतो, परंतु बहुतेक विद्यार्थी एका ठिकाणी अल्केन, अल्कीन, अल्काईन अशी नावे पाठ करतात व दुसऱ्या ठिकाणी इंधनाचे दर, अनुदान आणि कर यांचा अभ्यास करतात. प्रत्यक्षात या दोन गोष्टी एकाच नलिकेतून वाहत असतात. रेणूमध्ये कार्बनचे अणू किती आणि ते कसे जोडलेले आहेत, यावर इंधनाचा उपयोग ठरतो. त्याचे मोल मात्र अनेकदा रेणू पाहून ठरत नाही.

साखळी, शाखा आणि कडे

केवळ कार्बन आणि हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांपासून बनलेल्या संयुगांना हायड्रोकार्बन म्हणतात. मराठीत 'कर्बोदके' हा शब्द साखर, पिष्ट यांच्यासाठी रूढ आहे व त्या रेणूंत ऑक्सिजनही असतो. परीक्षेच्या घाईत या दोन नावांची गल्लत होते, म्हणून हा भेद आरंभीच लक्षात ठेवलेला बरा.

कार्बनची संयुजा ४ आहे. म्हणजे प्रत्येक कार्बन अणू चार सहसंयुज बंध तयार करतो. शिवाय कार्बनचे अणू परस्परांशी बळकट बंधाने जोडले जाऊन लांबच लांब साखळ्या तयार करू शकतात. यालाच मालिका बंधन शक्ती म्हणतात. साखळीतील सर्व बंध एकेरी असतील तर ते संपृक्त हायड्रोकार्बन, म्हणजेच अल्केन होय. अल्केनमध्ये हायड्रोजनच्या अणूंची संख्या कार्बनच्या दुपटीपेक्षा दोनने अधिक असते. मिथेनमध्ये १ कार्बन व ४ हायड्रोजन, प्रोपेनमध्ये ३ व ८, डोडेकेनमध्ये १२ व २६. एकेका पायरीने चढत जाणाऱ्या अशा संयुगांच्या मालिकेला समजातीय श्रेणी असे नाव आहे.

या श्रेणीत कार्बन वाढत जातो तसा उत्कलनांक वाढतो. मिथेन उणे १६१ अंश सेल्सिअसला उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशांना, पेंटेन ३६ अंशांना, डेकेन १७४ अंशांना आणि डोडेकेन २१६ अंशांना. याचे कारण रेणूंच्या आपसांतील आकर्षणात आहे. हे आकर्षण क्षीण असले तरी रेणू जितका मोठा तितके ते एकूण अधिक होते, आणि त्यांना अलग करण्यासाठी अधिक उष्णता द्यावी लागते. तेलशुद्धीकरण कारखान्यातील उंच मनोरा याच एका गुणधर्मावर चालतो. कच्चे तेल तापवून त्याची वाफ मनोऱ्यात सोडली की हलके घटक वर जातात व जड घटक खाली राहतात. यास प्रभाजी ऊर्ध्वपातन म्हणतात. ३ व ४ कार्बनचे रेणू स्वयंपाकाच्या गॅससाठी, त्यानंतरचे पेट्रोल व नॅफ्थ्यासाठी, साधारण ९ ते १६ कार्बनचे रॉकेल व विमान इंधनासाठी, त्याहून जड ते डिझेलसाठी आणि तळाशी उरते ते डांबर. एका इंधनाचा पट्टा दुसऱ्याच्या पट्ट्यात थोडा शिरलेला असतो, आणि हे 'थोडे शिरणे' अर्थशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरते. त्याचा विचार पुढे केला आहे.

विमानासाठी केवळ उत्कलनांक पाहून भागत नाही. ३५,००० फुटांवर बाहेरचे तापमान सामान्यतः उणे ५४ अंशांच्या आसपास असते आणि विमानाचे इंधन पंखांतील टाक्यांत साठवलेले असते. सरळ साखळीचे डेकेन उणे ३० अंशांना गोठते, डोडेकेन उणे १० अंशांना, तर १६ कार्बनचे हेक्झाडेकेन १८ अंशांनाच, म्हणजे बंगळुरूतील थंडीच्या सकाळीही ते घट्ट होईल. सरळ साखळ्या काड्यांच्या जुडीप्रमाणे शेजारी शेजारी नीट बसतात आणि त्यामुळे त्यांचे स्फटिक सहज बनतात. साखळीला शाखा फुटल्या किंवा तिचे कडे झाले की ही मांडणी बिघडते. सायक्लोहेक्झेन या ६ कार्बनच्या कड्याचा द्रवणांक साडेसहा अंश आहे. त्यालाच एका कार्बनची शाखा जोडली की तो सुमारे उणे १२६ अंशांपर्यंत खाली येतो. देवनहळ्ळीला येणाऱ्या इंधनाने, ज्याला 'जेट ए-१' म्हणतात, उणे ४७ अंशांपर्यंत स्फटिक धरू नयेत अशी अट आहे. ती पाळली जाते ती सरळ साखळ्या, शाखीय साखळ्या व कडी यांच्या मिश्रणामुळे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'शाखा वाढल्या की द्रवणांक घटतो' असा नियम काही मार्गदर्शक पुस्तकांत सरसकट दिलेला असतो. तो बरोबर नाही. ५ कार्बन व १२ हायड्रोजन असलेले तीन समघटक पाहावेत. सरळ साखळीचे पेंटेन ३६ अंशांना उकळते, एका शाखेचे २८ अंशांना आणि मधल्या कार्बनभोवती चार कार्बन असलेले निओपेंटेन सुमारे साडेनऊ अंशांना. उत्कलनांकाचा क्रम अपेक्षेप्रमाणे आहे. द्रवणांक मात्र उलटतो. पेंटेन उणे १३० अंशांना गोठते, तर चेंडूसारखे सममित असलेले निओपेंटेन उणे १७ अंशांच्या आसपासच गोठते, कारण त्याचे रेणू एकमेकांजवळ चपखल बसतात. रेणुसूत्र एकच असूनही रचना भिन्न असण्याच्या या प्रकारास संरचना समघटकता म्हणतात.

इंधन गोठण्याचा आणि इंधनातील पाणी गोठण्याचा प्रश्नही वेगळा आहे. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर येणारे बोइंग ७७७ धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्या प्रवासात इंधनाचे तापमान उणे ३४ अंशांपर्यंत उतरले होते, म्हणजे इंधन गोठलेले नव्हते. तपासात असे निष्पन्न झाले की इंधनातील अत्यल्प पाण्याचा बर्फ होऊन त्याने इंधनाचा मार्ग अडविला. हायड्रोकार्बन अध्रुवी असल्यामुळे त्यांत पाणी जवळजवळ मिसळत नाही, परंतु 'जवळजवळ' या शब्दाला अशी किंमत असते.

पपनसाची साल आणि नागोठण्याचे इथिलीन

देवनहळ्ळीची आणखी एक ओळख म्हणजे तेथील पपनस. या फळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पपनसाची किंवा संत्र्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीपाशी दाबली की तुषार पेट घेतात, हा खेळ अनेकांनी लहानपणी केलेला असतो. त्या तुषारांत मुख्यतः लिमोनिन असते आणि लिमोनिन हे शुद्ध हायड्रोकार्बन आहे: १० कार्बन, १६ हायड्रोजन. तो सुमारे १७६ अंशांना उकळतो, म्हणजे उत्कलनांकाच्या हिशेबाने त्याची जागा रॉकेलच्याच पट्ट्यात आहे.

१० कार्बनच्या संपृक्त साखळीत २२ हायड्रोजन असावयास हवेत. लिमोनिनमध्ये सहा कमी, म्हणजे तीन जोड्या कमी आहेत. साखळीचे कडे झाले की हायड्रोजनची एक जोडी कमी होते. कार्बन-कार्बन यांच्यात एक दुहेरी बंध आला की आणखी एक. लिमोनिनमध्ये एक कडे व दोन दुहेरी बंध आहेत. हा हिशेब करता आला तर रेणुसूत्रावरून रचनेचा अंदाज बांधण्याचे प्रश्न अवघड वाटत नाहीत. दुहेरी बंध असलेल्या संयुगांना अल्कीन व तिहेरी बंध असलेल्यांना अल्काईन म्हणतात. दोन्ही असंपृक्त होत.

असंपृक्त रेणू क्रियाशील असतात. दुहेरी बंध उघडून त्यावर दुसरे अणू येऊन बसतात. ही समावेशन अभिक्रिया. रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथील संकुलाचा सारा व्यवहार या क्रियाशीलतेवर उभा आहे. मुंबईच्या समुद्रातील वायूपासून मिळणारे इथेन व प्रोपेन तेथे अतिशय तापवून त्यांचे भंजन केले जाते व इथिलीन मिळविले जाते, आणि इथिलीनचे असंख्य रेणू एकमेकांना जोडून प्लॅस्टिक तयार होते. विमान इंधनात हाच गुण दोष ठरतो. दुहेरी बंध हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि चिकट गोंद तयार होतो. इंजिनाच्या सूक्ष्म छिद्रांत तो परवडत नाही. म्हणून विमान इंधनात अल्कीन नगण्य ठेवतात. लिमोनिन इंधन म्हणून वापरायचे झाल्यास प्रथम हायड्रोजनीकरण करून त्याचे दुहेरी बंध मिटवावे लागतील, आणि तेवढ्या साली कोठून आणणार हा प्रश्न तरीही उरेलच.

तिसरा वर्ग ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांचा, ज्यांच्या मुळाशी बेंझिनचे ६ कार्बनचे कडे असते. त्यांत कार्बनच्या तुलनेने हायड्रोजन कमी असतो, त्यामुळे ते काजळी धरत जळतात. विमान इंधनात त्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. याची एक जुनी कसोटी आजही वापरात आहे. प्रमाणित दिव्यात इंधन भरून वात हळूहळू वर करतात आणि धूर न धरता ज्योत किती मिलिमीटर उंच राहते ते मोजतात. कंदिलाची काच काळी होऊ नये म्हणून वात खाली करणाऱ्या घराघरांतील अनुभवाचेच हे प्रयोगशाळेतील रूप होय.

ज्वलनाचा हिशेब

डोडेकेनचे पूर्ण ज्वलन झाले की त्याच्या २ रेणूंना ऑक्सिजनचे ३७ रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे २४ व पाण्याचे २६ रेणू तयार होतात. वस्तुमानात सांगायचे तर १७० ग्रॅम डोडेकेन ५९२ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ५२८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व २३४ ग्रॅम पाणी देते. म्हणजे एक किलो इंधनामागे सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड. प्रत्यक्ष विमान इंधनासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ३.१६ हा आकडा वापरते. तो थोडा अधिक असण्याचे कारण वर आलेच आहे: कडी व ॲरोमॅटिक घटकांमुळे इंधनात हायड्रोजनचा वाटा घटतो व कार्बनचा वाढतो. मिथेनसाठी हाच आकडा २.७५ येतो. नैसर्गिक वायूला तुलनेने स्वच्छ इंधन म्हणतात त्याचे हे एक कारण.

इंधनापेक्षा त्यातून निघणारा वायू तिपटीने जड कसा, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. त्याचे उत्तर ऑक्सिजनमध्ये आहे, आणि तो विमान सोबत नेत नाही. वाटेत हवेतून घेते. एक किलो विमान इंधनातून सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर आजच्या लिथियम बॅटरीत एका किलोमागे एक मेगाज्यूलच्या आसपासच ऊर्जा साठते. रस्त्यावरील वाहने विजेवर चालू लागली तरी लांब पल्ल्याची विमाने का चालू शकत नाहीत, याचे मूळ या दोन आकड्यांत आहे.

एकच रेणू, अनेक दर

रॉकेल आणि विमान इंधन मनोऱ्याच्या एकाच पट्ट्यातून निघते व त्यातील बराच भाग डिझेलमध्येही चालतो. रेणूंना ही नावे ठाऊक नसतात. अनेक दशके सार्वजनिक वितरण व्यवस्थेतील रॉकेल गरीब कुटुंबांच्या चुलीसाठी व दिव्यासाठी अल्प दरात दिले जात असे आणि ओळखता यावे म्हणून त्यात निळा रंग मिसळला जात असे. हेतू कल्याणकारी होता. परंतु २०११ च्या सुमारास या रॉकेलचा दर डिझेलच्या दराच्या जवळपास एक तृतीयांश होता, आणि डिझेलच्या इंजिनाला त्यातले थोडे रॉकेल ओळखता येत नाही. जेथे पदार्थ जवळजवळ एक आणि दर तिप्पट, तेथे भेसळीचा धंदा उभा राहणे अटळ होते. २५ जानेवारी २०११ रोजी नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ असा गैरप्रकार रोखण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. छापे, रंग आणि तपासणी यांपेक्षा दरांतील दरी मिटणे हाच या भेसळीवरचा खरा उपाय होता. रॉकेलच्या दरात टप्प्याटप्प्याने वाढ करण्यात आली, स्वयंपाकाचा गॅस व वीज खेड्यांत पोहोचली आणि २०२० मध्ये रॉकेलवरील दर-अनुदान संपुष्टात आले.

करांच्या बाबतीतही असाच विरोधाभास दिसतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमान इंधन यांना त्याबाहेर ठेवण्यात आले; रॉकेल मात्र त्यात आले. एकाच पट्ट्यातील दोन द्रव दोन करव्यवस्थांत गेले. विमान इंधनावर केंद्राचे उत्पादन शुल्क, जे ऑक्टोबर २०१८ मध्ये १४ टक्क्यांवरून ११ टक्के करण्यात आले, आणि राज्यांचा मूल्यवर्धित कर असे दोन्ही आकारले जातात व विमान कंपन्यांना त्यांची वजावट मिळत नाही. भारतीय विमान कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारणपणे ३० ते ४० टक्के असतो, त्यामुळे राज्यांतील दरभेदाचा परिणाम लगेच जाणवतो. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात बृहन्मुंबई, पुणे व रायगडसाठी हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, तो या स्पर्धेमुळेच. कर कमी असलेल्या विमानतळावर गरजेपेक्षा जास्त इंधन भरून घेण्याची प्रथा सर्वत्र आहे. जादा इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते, म्हणजे करातील फरकाचा काही भाग आकाशात धूर होऊन जातो.

शेतातून येणारे हायड्रोकार्बन

विमान हायड्रोकार्बन सोडू शकत नसेल तर तेच हायड्रोकार्बन खनिज तेलाऐवजी वनस्पतींपासून करावे, असा प्रयत्न जगभर चालू आहे. २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीला गेलेल्या विमानाच्या इंधनात जट्रोफाच्या तेलापासून तेथील भारतीय पेट्रोलियम संस्थेने बनविलेले २५ टक्के जैवइंधन होते. बियांच्या तेलात ऑक्सिजन असतो. तो हायड्रोजनच्या साहाय्याने काढून टाकला की सरळ साखळीचे अल्केन उरतात. ते उंचावर गोठतील, म्हणून त्यांना पुन्हा शाखा फोडाव्या लागतात. वर पाहिलेला द्रवणांकाचा नियम येथे कारखान्यातील एक स्वतंत्र टप्पा होऊन, आणि अर्थातच खर्च होऊन येतो.

दुसरा मार्ग ऊस उत्पादक महाराष्ट्राला जवळचा आहे. इथेनॉल हे हायड्रोकार्बन नव्हे. त्यातही ऑक्सिजन आहे. त्यातून पाण्याचा रेणू काढला की इथिलीन मिळते, इथिलीनचे रेणू जोडून लांब साखळ्या होतात आणि त्यांचे हायड्रोजनीकरण केले की विमान इंधन तयार होते. मात्र ४६ ग्रॅम इथेनॉलमधून १८ ग्रॅम पाणी निघून जाते व २८ ग्रॅम इथिलीन उरते. म्हणजे प्रक्रिया कितीही कार्यक्षम असली तरी एक टन इथेनॉलपासून सुमारे ६१० किलोपेक्षा अधिक इंधन मिळणे शक्य नाही, आणि तेच इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले तर पूर्ण एक टन विकले जाते. साखर कारखान्याने कोणता मार्ग धरावा हे या तफावतीवर व दोन्हीकडच्या दरांवर अवलंबून राहील.

१९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून बनविलेले असे इंधन एक टक्का मिसळलेले होते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का व २०२८ मध्ये २ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. तांत्रिक मर्यादा याहून बरीच वर, ५० टक्क्यांवर आहे. ती मर्यादा असण्याचे कारण असे की या इंधनाच्या बहुतेक प्रकारांत ॲरोमॅटिक घटक जवळजवळ नसतात. काजळी धरतात म्हणून ज्यांचे प्रमाण रोखावे लागते त्याच घटकांमुळे इंधनमार्गातील रबरी कडी किंचित फुगून सांधे घट्ट राहतात. म्हणून मिश्रणात ते किमान ८ टक्के असावेत अशी अट घातलेली आहे.